तारीख नसलेल्या वस्तू

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत तो काचा घासायचा. पुढे काउंटरवर गिऱ्हाइकं नवी फ्रेम नाकावर चढवून आरशात बघायची, आणि मागे हा यंत्रावर वाकून काच फ्रेमच्या मापाची करायचा. अठरा वर्षं हेच काम. घरात तो धाकटा. थोरली बहीण लग्न होऊन दुसऱ्या गावी, आणि घरी आई-बाबा. स्वभावाने माणूस वाईट नव्हता, पण कशात गुंतलेला असला की मध्येच कोणी हाक मारलेली त्याला खपायची नाही. "आत्ता नको" हे शब्द त्याच्या जिभेवर इतके बसले होते की ताई फोनवर विचारायची, "आत्तानको आहेत का घरी?"

बाबा फरशी बसवणारे. आयुष्यभर लोकांच्या घरात गुडघ्यांवर बसून त्यांनी फरश्या ठोकल्या, आणि शेवटी गुडघ्यांनीच हात टेकले. खुर्चीत आल्यावर त्यांचा दिवस जाता जाईना. समोरच्या इमारतीचं काम चाललं होतं, तिथल्या गवंड्याला ते घरात बसून शिव्या घालायचे. "ओळंबा धर की रे गाढवा!" आई म्हणायची, "त्याला ऐकू जात नाही हो." "म्हणून तर बोलतोय," बाबा म्हणायचे.

एका रविवारी धाकट्याने त्यांना आपला गेम दाखवला. मोकळं माळरान, एक टेकडी, आणि दगड, लाकूड, दिवे, बाकं अशा वस्तू. उचलायच्या आणि हव्या तिथे ठेवायच्या, एवढाच खेळ. बाबांनी आधी नाक मुरडलं. मग एक दगड ठेवला. मग त्याच्याशेजारी दुसरा. जेवायला हाक मारली तेव्हा म्हणाले, "थांब, एवढी रांग होऊ दे. इथे सिमेंट सुकायची वाट बघावी लागत नाही, फार बरं आहे."

पुढची दीड वर्षं बाबांनी त्या टेकडीपलीकडे एक पायवाट बांधली. दगडाला दगड, वळणावर पायरी, दोन्ही बाजूंना दिवे, आणि वर एक छोटं घर, दारात बाक. आई शेजारी खुर्ची ओढून बसायची आणि सूचना द्यायची. "दिवा जरा अलीकडे घ्या, डोळ्यांवर येतो." बाबा दिवा अलीकडे घ्यायचे. खऱ्या घरात त्यांनी तिचं इतकं कधी ऐकलं नव्हतं.

मग बाबा गेले. घर सुनं झालं. महिनाभराने आईने धाकट्याला विचारलं, "मला नुसतं तिथे चालता येईल का रे? बांधायचं काही नाही." त्याने तिला पुढे जायचं बटण दाखवलं, माऊसने वळायचं कसं ते दाखवलं. तेव्हापासून दुपारची भांडी आवरली की आई बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरचं कापड काढायची, पायवाटेने वर जायची, बाकापाशी थोडा वेळ थांबायची आणि परत यायची. शेजारणीला सांगायची, "जरा चक्कर मारून आले."

धाकट्याला एकट्याने खेळायला करमेना, म्हणून त्याने ती दुनिया ओळखीच्या सहा-सात जणांना उघडी केली. शाळेतली एक ग्रंथपाल, एक रिक्षावाला, दवाखान्यातला एक कंपाउंडर, अशी मंडळी. टेकडीपलीकडे जायचं नाही, एवढं त्याने बजावलं होतं, आणि कोणी गेलं नाही. पण बाकीच्या माळावर "हे कुंपण कुणाचं, माझ्या आधी तू कसं ठेवलंस" अशी भांडणं सुरू झाली. म्हणून त्याने एक मॉड लिहिला. मॉड म्हणजे मूळ गेमला बाहेरून जोडायचा आपला तुकडा. कोणी काही ठेवलं की त्या वस्तूवर ठेवणाऱ्याचं नाव आणि वेळ नोंदली जायची. वस्तूकडे माऊसचं बोट नेलं की दिसायचं: बारा दिवस, चाळीस दिवस. भांडणं थांबली. ग्रंथपाल म्हणाली, "अहो, आमच्या पुस्तकांनासुद्धा इतकी नीट नोंद नसते." तो फुलून गेला.

त्या वेळी एकदा बाबांच्या बाकाकडे त्याने बोट नेलं होतं. तिथे आकडा नव्हता, नुसती आडवी रेघ. साहजिकच होतं, ते बाक मॉडच्या आधीचं. बघू नंतर, असं म्हणून तो पुढे गेला.

वर्षभरात माळावर वस्तूंचा ढीग साचला. अर्धवट भिंती, विसरलेल्या पेट्या, कुणी गंमत म्हणून ठेवलेल्या दोनशे खुर्च्या. गेम अडखळायला लागला. चालताना पाऊल उचललं की चार सेकंदांनी पडायचं. सगळ्यांनी त्याच्यामागे लकडा लावला, आणि त्यानेही ते अंगावर घेतलं. नियम सोपा होता. प्रत्येक वस्तूचं वय मोजायचं. नव्वद दिवसांवर गेली आणि मालकाने "राहू दे" असं बटण दाबलं नाही, तर वस्तू जाईल. त्याने एक स्टूल ठेवलं, घड्याळ तीन महिने पुढे केलं, स्टूल गेलं. दुसरं ठेवलं, बटण दाबलं, ते राहिलं. मंडळींना आठवडाभर आधी कळवलं, आणि एका सोमवारी सकाळी कामावर जाता जाता नियम चालू केला.

संध्याकाळी गेम लोण्यासारखा चालत होता. अभिनंदनाचे निरोप येत होते आणि तो आपल्या खोलीत लॅपटॉपवर एकेकाला उत्तर लिहीत बसला होता. तेवढ्यात आई दाराशी आली.

"एक विचारायचं होतं."

"आई, आत्ता नको. कामात आहे."

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

काम कसलं, रिक्षावाल्याने पाठवलेल्या विनोदावर तो हसत होता.

पुढच्या आठवड्याच्या शुक्रवारी दुकानाला सुट्टी होती. जेवण झालं, भांडी आवरली, आणि आई कपड्यांच्या घड्या घालत बसली. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरवर कापड तसंच होतं. वर धूळही बसली होती.

"आज चक्कर नाही?" त्याने सहज विचारलं.

"कुठे जायचं?" आई घडीवरून नजर न उचलता म्हणाली. "तिथे आता काय आहे?"

"म्हणजे?"

"तू काढलंस ना सगळं? मला वाटलं, तुम्हा लोकांना जागा लागत असेल."

त्याने कापड ओढून काढलं. टेकडी ओलांडली. पलीकडे गवत होतं. पायवाट नाही, दिवे नाहीत, घर नाही. इतकं साफ की तिथे कधी काही होतं असं कुणाला वाटू नये.

काय झालं ते समजायला त्याला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बाबांच्या वस्तूंवर तारीख नव्हती. तारखेचा रकाना रिकामा, आणि त्याच्या कोडने रिकाम्याचं शून्य केलं. कॉम्प्युटरच्या हिशेबात शून्य म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचा एक दिवस. तेव्हा त्या दगडांचं वय नव्वद दिवस नाही, पन्नास वर्षं ठरलं. "राहू दे" म्हणायला मालक नव्हता. आई रोज तिथे चालत होती, पण चालणाऱ्याला मॉड विचारत नव्हता. ते त्यानेच ठरवलेलं.

दुनियेची प्रत रोज निघायची, आणि सात दिवस झाले की जुनी पुसली जायची. आज बारावा दिवस होता.

"तू मला सांगितलं का नाहीस?" त्याचा आवाज चढला.

"आले होते की त्या दिवशी," आई म्हणाली. "तू कामात होतास."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्याला निदान चिडता आलं असतं.

त्याने घर पालथं घातलं. जुने पेन ड्राइव्ह, बाबांच्या कपाटातला बिघडलेला लॅपटॉप, सगळं तपासलं. एक जुनी प्रत सापडली, तीत नुसते पहिले अकरा दगड होते. ताईकडे एक फोटो निघाला: बाबा खुर्चीत, तोंड कॅमेऱ्याकडे, आणि मागे स्क्रीनवर धूसर पायवाट. फोटो पाठवून ताईने फोन केला. "तिने मला दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी सांगितलं होतं रे. मी म्हटलं, त्याला विचार. तर म्हणाली, नको, चिडेल."

फोन ठेवून त्याने तो फोटो स्क्रीनवर मोठा केला.

दोन महिने रोज थोडं थोडं करून त्याने पायवाट पुन्हा बांधली. अकरा दगड होते तसे, पुढचं फोटोवरून, आणि उरलेलं आठवेल तसं. मग आईला बोलावलं. ती आली, बसली, सावकाश वर चालत गेली. वळणावर थांबली.

"इथे पायरी होती."

"किती उंच होती? सांग, करतो."

"ते कसं सांगू? मला ती बटण दाबताना कळायची." ती आणखी थोडी पुढे गेली. "दिवे सगळे एका रेषेत घेतलेस तू."

"नव्हते?"

"एक अलीकडे होता." कुठला ते तिने सांगितलं नाही, आणि विचारायचा त्याला धीर झाला नाही. बाकापर्यंत जाऊन ती उठली. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "छान केलंस. इतकी मेहनत कशाला घेतलीस?"

"आई, माझं चुकलं."

"मुद्दाम थोडंच केलंस," ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. पुन्हा ती त्या कॉम्प्युटरपाशी बसली नाही.

मॉड त्याने दुरुस्त केला. ज्या वस्तूवर तारीख नाही, तिला हात लावायचा नाही, ही ओळ लिहायला अर्धं मिनिट लागलं. तो मॉड आता त्याच्या ओळखीचे नसलेले लोकही वापरतात. माहितीच्या पानावर सगळ्यात वर त्याने ठळक लिहिलंय की नियम चालू करण्याआधी एक प्रत कायमची बाजूला काढून ठेवा. मध्यंतरी कुणीतरी कळवलं की त्या ओळीमुळे त्यांच्या मुलीने गेममध्ये बांधलेलं घर वाचलं. त्याने तो निरोप दोनदा वाचला आणि उत्तर न देताच मिटवला.

कामावरून आला की हल्ली तो आधी स्वयंपाकघरात जाऊन बसतो. आई दुधाचं बोलते, शेजारणीच्या कंबरदुखीचं बोलते, ताईच्या घरचं बोलते. तो ऐकतो. पण तिला काही हवं असलं, काही विचारायचं असलं, तर ते अजूनही आधी ताईला कळतं. मग ताईचा फोन येतो, "अरे, आई म्हणत होती..." आणि तो शेजारच्या खोलीत बसलेल्या आईचं म्हणणं दुसऱ्या गावाहून ऐकतो.