चुन्याचे चौकोन

चुन्याच्या फक्कीचा वास आला की मला पंडरीच्या कापडबाजारामागची ती तिकोनी जागा आठवते. दोन रस्त्यांमध्ये उरलेली, साऱ्या पाऱ्याचा, म्हणजे मोहल्ल्याचा, कचरा झेलणारी. एका संध्याकाळी पडीक जागा सुधारणाऱ्या आमच्या गटाने तो उचलला आणि बाकं बसवण्यासाठी मी फक्कीने चौकोन आखले. सकाळी पुन्हा ढीग दिसणार, याची खात्रीच होती. जाऊन पाहते तर समोरच्या घरातल्या काकू त्या चौकोनांत रांगोळी भरत बसलेल्या! “काकू, हे काय करून राहिल्या?” “पूजा आहे ना इथं? पूजेचा चौक रांगोळीविना खाली कसा ठेवू? चप्पल काढ आधी, पोट्टी!” मी हसत हसत चप्पल काढली. बाकं यायला वर्ष लागलं, पण रांगोळीवर कचरा टाकायला कोणाचा हात धजतो? आता नवी जागा आखायला निघाले की मोजायच्या टेपच्या आधी मी रांगोळीचा डबा पिशवीत टाकते.