दवनीवाड्याची मावशी लोणावळ्यात

बायकोच्या तोंडून एकदा तरी "छान" ऐकावं, म्हणून यंदा पावसाळ्यात मी तिला गोंदियाहून पुण्याला आणि तिथून लोणावळ्याला नेलं. नवीकोरी छत्रीही घेतली. पहिल्याच पॉइंटवर वाऱ्यानं छत्री उलटी केली आणि दरीत धुक्याशिवाय काही दिसेना. तरी माझं चालूच होतं, "इकडे धबधबा आहे, तिकडे किल्ला आहे."

कठड्याजवळ एक म्हातारी बसली होती. डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ, आपल्याकडे धानाच्या रोवणीच्या बाया पावसात घेतात तशी. मी ओळखलंच. आमच्या गोंदियाजवळच्या दवनीवाड्याची निघाली, पुण्याला पोराकडे आली होती.

"बायको भिजून राहिली ना तुई," असं मला सुनावून तिनं पिशवीतून दुसरी खोळ काढली. "ये वं माय, बस."

बायको खोळ घेऊन बसलीसुद्धा.

"मावशी, आमचे बाकीचे पॉइंट राहिलेत," मी म्हटलं.

"तू पाहाले आला का दाखवाले, बाबू?"

बायको खदखदून हसली. माझ्या विनोदांना ती अशी कधीच हसली नाही. मग दोघींच्या रोवणीच्या गोष्टी सुरू झाल्या, आणि मी मोडकी छत्री धरून एका म्हातारीवर जळत उभा राहिलो.

बऱ्याच वेळानं धुकं विरलं. खाली हिरवीगार दरी उघडली. बायको म्हणाली, "किती छान आहे."

म्हणाली खरी, पण मावशीचा हात धरून, मावशीला.