दर्यापुरात गाडी एअर घेत नाही

आधीच सांगून ठेवतो... भूत-बित मी मानत नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात अंगारे-धुपारे, लिंबू-मिरची सगळं बंद. मी अकोल्याला कॉलेजात फिजिक्स शिकवतो. या ग्रुपवरचे भुताचे अनुभव वाचून बहुतेक वेळा मला हसूच येतं. पण हा प्रकार माझ्याच घरचा, आणि तोही एका जुन्या डिझेल गाडीचा. तेव्हा हसायचं तर खुशाल हसा.

माझे बाबा दर्यापूरला सरकारी जीपवर ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी ही सेकंडहँड गाडी घेतली. सकाळी उठले की चूळ भरायच्या आधी ते बॉनेट उघडायचे. डिझेलच्या पायपावर एक रबरी फुगा असतो, तो अंगठ्यानं दाबत राहायचे. फुगा कडक झाला की बॉनेट धप्पकन आपटायचे. तो आवाज ऐकून आई चहा ठेवायची. बाबांनी चहासाठी कधी हाक मारल्याचं मला आठवत नाही. फुग्याचं म्हणाल तर — जुन्या ड्रायव्हरची खोड, म्हणून मी कधी लक्षच दिलं नाही.

मागच्या पावसाळ्यात बाबा गेले. आई दर्यापूरला एकटी. तिला शुगर, त्यात एकदा न्हाणीत चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यांना एकटं ठेवू नका. मी दर शनिवारी जाऊन तिला अकोल्याला चल म्हणायचो आणि ती काहीतरी कारण काढायची. एकदा येताना गाडी तरी घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालूच होईना. स्टार्टर फिरतोय, इंजिन पकडत नाही. जुन्या शहरातले मेकॅनिक रहीमभाई, त्यांनी बॅटरी बदलली. मग हीटर प्लग बदलले — थंडीत डिझेल गाडी त्यांच्यावरच चालू होते. फरक शून्य. गंमत म्हणजे शनिवारी दर्यापूरला नेली की रविवारी भर थंडीत अर्ध्या चावीत चालू. परत अकोल्याला आणली की पुन्हा बंद! मी उतार बघितला, तोंड कुठल्या बाजूला आहे ते बघितलं, दोन्हीकडे सारख्याच पातळीवर लावून बघितली. काही नाही.

शेवटी रहीमभाईंना पायपाला बारीक चीर सापडली.

"सर, रातभर ही गाडी एअर घेते, चिरीतून पायपात हवा घुसते. डिझेल वापस टाकीत जाते. सकाळी फुगा दाबून डिझेल वर नाई आनलं तर चालू होनारच नाई."

"पण दर्यापूरला होते ना!"

"मंग तिथं कोनी तरी दाबत असन."

शनिवारी दर्यापूरला गेल्यावर आईला विचारलं. ती तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुये बाबा दाबते."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तीच पुढे म्हणाली, "असा काय पाहून राहिला? भूत-बित नाई म्हणत मी. सकाळी बॉनेटचा आवाज येते, मी चहा ठेवतो. एवढंच. म्हणून म्हणतो मी नाई येत अकोल्याले. ते आले अन् घराले कुलूप दिसलं तं?"

तेव्हा कळलं, इतके दिवस ती का अडून बसली होती ते.

त्या रात्री मी गाडी लॉक केली, बॉनेटच्या फटीवर आडवी चिकटपट्टी लावली आणि चावी उशाखाली घेऊन झोपलो. बॉनेट उघडायचा खटका गाडीच्या आत असतो, म्हणजे चावीशिवाय काम नाही. आईवर संशय होता, खोटं कशाला बोलू? सकाळी तिनंच उठवलं, "आवाज आला." मला काही ऐकू आलं नव्हतं. बाहेर जाऊन बघितलं तर चिकटपट्टी जशीच्या तशी. बॉनेट उघडून फुगा दाबला... दगडासारखा कडक. मी तो पुन्हा दोनदा दाबून बघितला.

तरी मी पाईप बदलायचं ठरवलं. आईला काही झालं आणि गाडी रस्त्यात बंद पडली तर?

"नीट नको करू रे," आई म्हणाली. "मंग त्याईले काम काय राहीन?"

मला फार वाईट वाटलं. पण पुढच्याच आठवड्यात तिला पुन्हा चक्कर आली, आणि मग तीच मुकाट्यानं तयार झाली. कुलूप लावताना पोर्चकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "आमी अकोल्याले चाललो. गाडी बी नेतो." तिथं उभ्या असलेल्या माणसाला सांगावं तसं. मी डिकी लावायचं निमित्त करून मागे गेलो.

अकोल्यात रहीमभाईंनी पाईप आणि फुगा दोन्ही नवे टाकले. आता गाडी एअर घेत नाही, रोज पहिल्या चावीत चालू. आईही रुळली. फक्त तिचा चहाचा अंदाज चुकायचा, रोज एक कप उरायचाच. बायको म्हणाली, नवीन भांडं आहे, होईल सवय.

परवा सर्व्हिसिंगला गाडी टाकली. रहीमभाईंनी बॉनेटखालून हाक मारली.

"सर, फुगा काहून दाबता रोज? आता जरूरत नाई त्याची."

"मी कधी हातच लावला नाही."

"मंग हे पाहा."

काही महिन्यांचा नवा फुगा. वरच्या बाजूला अंगठ्याएवढी जागा झिजून गुळगुळीत झालेली. गाडी आमच्या बिल्डिंगच्या तळघरात असते आणि चावी एकच आहे, ती माझ्या खिशात. रबर खराब असेल, गरम होऊन मऊ पडलं असेल... वर्गात मी पोरांना असंच काहीतरी सांगितलं असतं. खरं सांगायचं तर मला माहीत नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. वाटलं होतं, रडेल. तिनं गॅसवरून पातेलं उतरवलं आणि कप मांडायला घेतले.

"मले काहून सांगतं? मले ठाऊक हाय," ती म्हणाली. "तिसऱ्या माळ्यावर आवाज येत नाई, म्हणून चहा अंदाजानं ठेवतो. मी काय न सांगता आलो होतो काय त्याईले?"

मी मोजलं नाही, पण एक कप जास्तच होता.