नर्सबाईंची इंजेक्शनं

गाड्यांना इंजेक्शन देतात म्हणून त्यांना सगळे नर्सबाई म्हणत. हे नाव पाडलं ते त्यांच्याच नवऱ्यानं, आणि स्वतःच्या या विनोदावर तो सात वर्षं झाली तरी आठवड्यातून एकदा पोट धरून हसायचा. काही माणसं एका विनोदात जन्म काढतात.

या नवऱ्याला सगळे उस्ताद म्हणत, आणि ते खरंच उस्ताद होते. मोटारसायकलचा कार्ब्युरेटर लावण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. गाडी सुरू करायची, कान द्यायचा, स्क्रू पाव आटा फिरवायचा आणि म्हणायचं, "जा." गाडी जायची. मग फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या आल्या. पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवू लागला, आणि ठरवताना त्यानं उस्तादांचा सल्ला घेतला नाही. हे उस्तादांच्या जिव्हारी लागलं. "इंजेक्शन आजाऱ्याला देतात, धडधाकट गाडीला कशाला?" असं म्हणून त्यांनी त्या गाड्या दारातूनच परत पाठवायला सुरुवात केली. माणूस तत्त्वाचा. त्या तत्त्वापायी दीड वर्षात गॅरेज इतकं स्वच्छ राहू लागलं की फरशीवर पान वाढून जेवावं.

बाई तोवर शिंप्यांची मशीनं दुरुस्त करायच्या. धाग्याचा ताण केसभर चुकला तर टाका कसा रुसतो, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. घरातला उस्ताद रिकामा बसलेला बघून त्यांनी इंजेक्शनच्या सहा महिन्यांच्या वर्गात नाव घातलं. पहिल्या दिवशी मास्तरांनी अगदी आपुलकीनं विचारलं, "मुलाला सोडायला आलात का?"

"नाही, मलाच सोडायला आलेय," बाई म्हणाल्या आणि पहिल्या बाकावर जाऊन बसल्या.

परीक्षेत त्या पहिल्या आल्या तेव्हा मास्तर म्हणाले, "बायकांचा हात मुळातच हलका असतो." म्हणजे सहा महिने जागून केलेल्या अभ्यासाचं श्रेय मनगटाला गेलं.

तेव्हापासून गॅरेज बाई चालवत आणि खुर्चीवर उस्ताद बसत. लोकांना दोघांपैकी कुणाशी बोलायचं हे सांगावं लागत नसे. ते आपोआप चुकत.

दातांचे डॉक्टरही तसेच चुकले. त्यांची गाडी लांबच्या प्रवासाची, दोन सिलेंडरची, उंचीला घोड्याएवढी, मागे तीन डबे लावलेले. शनिवारी सतरा दिवसांच्या सफरीला निघायचं आणि सोमवारी गाडी झटके मारतेय. हळू चालवली की ठेचकाळते, आणि पेट्रोल तर असं पिते की टाकीला भोक असावं. डॉक्टरांनी सोबत एक जाडजूड फाइल आणली होती. तिच्यात तीन गॅरेजांचे कागद होते. तिघांनी मिळून एकच सेन्सर दोनदा बदलला होता.

डॉक्टरांनी ही सगळी कर्मकहाणी उस्तादांना सांगितली. उस्तादांनी मान डोलावली. इंजेक्शनविषयी त्यांना तेवढंच येत होतं.

बाईंनी मधल्या वेळात टाकी उतरवली, आत बॅटरी मारून बघितलं आणि विचारलं, "हा पांढरा रंग लावलेला स्क्रू कुणी फिरवला?"

"फिरवला? छे! कुणीच नाही."

"रंगाला तडा गेलाय."

डॉक्टर फाइल चाळू लागले. मग म्हणाले, "थोडासाच. व्हिडिओत बघून."

"कंपनी रंग लावते तो हात लावू नये म्हणून. तुमचा पेशंट घरी टाचणीनं दात कोरून आला, तर तुम्ही त्याला काय म्हणता?"

"ते वेगळं आहे हो," डॉक्टर म्हणाले.

दोन सिलेंडरना हवा देणाऱ्या दोन झडपा असतात. त्या एकसारख्या उघडल्या नाहीत तर एक सिलेंडर ओढतो आणि दुसरा फरफटत जातो. कुठल्याही संसारासारखं. बाईंनी हवेची ओढ मोजणारं दोन सुयांचं व्हॅक्यूम गेज लावलं, गाडी गरम केली आणि स्क्रू इतका हळू फिरवत आणला की फिरतोय की नाही ते कळू नये. तासाभरानं दोन्ही सुया एका रेषेत आल्या. झटके थांबले.

पेट्रोल पिणं मात्र थांबलं नाही. प्लग काढला की काजळीसारखा काळा. म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पण सायलेन्सरच्या नळीतला सेन्सर स्क्रीनवर सांगत होता की पेट्रोल कमी पडतंय. बाईंनी इंजेक्टर साफ केले, पंपाचा दाब मोजला, एअर फिल्टर बदलला, पुस्तक दोनदा उलथंपालथं केलं. मंगळवार गेला, बुधवार गेला. डॉक्टर रोज दोन दातांच्या मध्ये चक्कर मारून विचारून जात, "झालं का?" उस्ताद खुर्चीवरून म्हणत, "कॉम्प्युटरलाच विचार की. हुशार आहे तो."

बाई पुन्हा पुस्तकात डोकं घालत. चूक आपल्याला सापडत नाही आणि नवऱ्याला त्यात मजा वाटतेय, या दोन्ही गोष्टी एकदम गिळायला घसा मोठा लागतो.

गुरुवारी सकाळी त्या गॅरेजात आल्या तर गाडी सुरू, आणि उस्ताद जमिनीवर पालथे.

"अहो! हात लावू नका तिला!"

"हात कुठं लावलाय? कान लावलाय. सायलेन्सर फुसफुसतोय."

"काही फुसफुसत नाही. तीन दिवस ऐकतेय मी."

"तू गरम करून ऐकतेस. गरम झाला की लोखंड फुगतं, फट बारीक होते, आवाज दबतो. थंड असतानाच बोलतो. ये इकडे, लवकर!"

बाईंनी पिशवी टाकली आणि नवऱ्याशेजारी फरशीवर आडव्या झाल्या. खरंच, सेन्सरच्या अलीकडच्या सांध्यातून अगदी बारीक आवाज येत होता. मिनिटभरात तो बंदही झाला.

"पुस्तकात गाडी गरम करूनच तपासा असं लिहिलंय," त्या पुटपुटल्या. आणि मग ताडकन उठल्या. त्या फटीतून बाहेरची हवा आत जात होती. सेन्सरला हवा जास्त दिसली, की तो ओरडे, 'पेट्रोल कमी आहे!' कॉम्प्युटर बिचारा आज्ञाधारक, तो आणखी ओते. सेन्सर दोनदा बदलून काय होणार? खोटं त्याला बाहेरून सांगितलं जात होतं.

गाडी निवल्यावर सांध्याला साबणाचं पाणी लावून मागून हवा मारली. बुडबुडे आले. आत फट बुजवणारं गॅस्केट जुनंच, चेपलेलं होतं. तिघांपैकी कुणीतरी तेच परत बसवलं होतं. नवं बसलं, आणि संध्याकाळी प्लग बिस्किटाच्या रंगाचा निघाला.

शुक्रवारी डॉक्टरांनी गाडी फिरवून बघितली आणि थेट जाऊन उस्तादांचा हात दोन्ही हातांत धरला. "शेवटी अनुभव तो अनुभव! वहिनींचीही मदत झाली असेल ना थोडी?"

बाई लोखंडी पाने पुसत होत्या, पुसत राहिल्या. आता नवरा काय म्हणणार ते त्यांना पाठ होतं.

उस्ताद म्हणाले, "डॉक्टर, मी एक आवाज ऐकला, बस. गाडी हिनं केली. मला ते दोन सुयांचं घड्याळ वाचतासुद्धा येत नाही."

सात वर्षांत हे वाक्य घरातही निघालं नव्हतं. बाईंच्या हातून पाना निसटला आणि त्यांच्याच पायावर पडला, त्यामुळे डोळ्यांत पाणी का आलं हे कुणाला सांगावं लागलं नाही.

डॉक्टर सतरा दिवस सुखरूप फिरून आले आणि आपल्या टोळीतले तिघं घेऊन आले. तिघांच्याही हातात फायली होत्या.

त्यातली पहिली गाडी लावताना उस्ताद खुर्ची सोडून जवळ आले. "ते घड्याळ काय असतं, दाखव की जरा. उगाच, बघायला."

बाईंनी नळ्या जोडून दाखवल्या, गाडी सुरू केली, स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात दिला. उस्तादांनी डोळे मिटले.

"डावीकडचा मागे आहे," ते म्हणाले.

बाईंनी बघितलं. डावी सुई केसभर मागे होती.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "आता हेच डोळे उघडून सांगा."