सुधाकरदादांच्या सॅक्सोफोनची राखलेली जागा

सुधाकरदादा मोरे यांची नि माझी ओळख चौलच्या एका हळदीत झाली. मी तिथे ढोलकी वाजवायला गेले होते आणि दादा तळा गावच्या बँडचे प्रमुख होते. त्यांनी सॅक्सोफोनवर हळदीचे नेहमीचे गाणे धरले, पण खाली बँडला क्यूबाकडचा आफ्रिकी ताल वाजवायला लावला. वरमाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "ओ बँडवाले, यावर नाचाचा कसा?" दादा म्हणाले, "आधी कंबर सैल सोडा ताई, पाय येतील मागून." मग वरमाईंना थांबवता थांबवता पुरेवाट झाली!

तो ताल दादांनी तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवताना उचलला होता. पुढे मला त्यांनी कोंगा, म्हणजे हाताने वाजवायचा क्यूबाचा उभा ढोल, शिकवला, तोही उरणला माझ्या घरी येऊन, कारण लेक तान्ही होती. ती रडू लागली की दादा तिला खांद्यावर घेत आणि तिच्या पाठीवर तोच ताल थोपटत.

या तालांवर स्वतःचा अल्बम काढायचा, एवढी एकच त्यांची हौस. दर वर्षी विषय निघे आणि दर वर्षी लगीनसराई आडवी येई. एकदा तर स्टुडिओ ठरला असतानाही दादांनी लग्नाची सुपारी मोडली नाही. "बँडच्या पोरांच्या चुली पेटू देत. अल्बम कुठं पळून जातोय?"

अल्बम पळाला नाही, पण दादांची छाती थकली. गेल्या वर्षी अखेर स्टुडिओत सहा रचना मुद्रित झाल्या आणि डॉक्टरांनी फुंकणे बंद केले. सातवीचा ताल आम्ही आधीच वाजवून ठेवला होता. सॅक्सोफोन तेवढा राहिला. मुंबईहून दुसरा वादक बोलावू, असे मी परोपरीने विनवले. दादा म्हणाले, "न्हाय बाय. माझ्या नावावर दुसऱ्याचा दम नको. जागा हाय तशी ऱ्हाऊ दे." अल्बम तसाच निघाला. लोक त्या रचनेतल्या माझ्या कोंग्याचे कौतुक करतात, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखे होते. दोन-चार लग्ने सोडायला हवी होती. दादांना तसे ठणकावून सांगणारे आमच्यात कोणी निघाले नाही. ही हळहळ आता जन्मभराची आहे.

पंचाहत्तरीच्या निमित्ताने परवा तळ्याला गेले. दादांनी तीच रचना लावली. डोळे मिटलेले होते आणि बोटे मांडीवर सॅक्सोफोनच्या चाव्या दाबत होती. कुठले सूर चालले आहेत ते मला ओळखता येईना, आणि विचारायचा धीरही झाला नाही.

दादांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आम्हाला ऐकायला न मिळालेले ते सूर त्यांना रोज, शेवटपर्यंत ऐकू येवोत.