घराखालचं मीठ

मी ठाण्याच्या एका शाळेत आठवी-नववीला शास्त्र शिकवायचो. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, हे दर पावसाळ्यात बशीत मीठ ठेवून मुलांना दाखवायचो आणि ज्याच्या वहीत ते धड लिहिलेलं नसेल त्याचा कान पिरगाळायचो. हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे सांगणार आहे त्यात पिरगाळण्यासारखा कान एकच होता, आणि तो माझा होता.

वडिलांनी मागे ठेवलेलं आमचं घर खाडीच्या बाजूला होतं. दोन खोल्या, वर कौलं. मोठ्या खोलीची जमीन फळ्यांची होती. आधीच्या मालकाने कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यात तशी पाहिली होती म्हणे, आणि हौसेला मोल नसतं. फळ्यांखाली दीड हात पोकळी, जोत्याला हवेसाठी झरोके. त्या पोकळीत मांजरी व्यायच्या आणि पावसात पाणी साचायचं. मी एकटा होतो तोवर दोन्ही गोष्टींचं मला काही वाटलं नाही.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा माझं लग्न ठरलं. मुलगी साताऱ्याकडची, कोरड्या हवेत वाढलेली. तिच्यासाठी घर नीट करायचं म्हणून मी फळ्या उचलून ती पोकळी भरून काढायचं ठरवलं. रेती खाडीत हवी तेवढी होती. पांढरी, बारीक, स्वच्छ दिसणारी. होडीवाल्यांकडून टोपल्याच्या टोपल्या आणवल्या, फळ्यांना टेकेपर्यंत भरल्या, झरोके विटांनी बुजवले. आता ना मांजर, ना पाणी. कामावर मी इतका खूश होतो की लग्नाआधी सासऱ्यांना पत्र लिहून कळवलं.

पहिल्याच पावसाळ्यात फळ्यांना घाम फुटायला लागला. सकाळी पाय टेकला की तळवा ओला व्हायचा. गादीच्या खालच्या बाजूला बुरशी धरली, ट्रंकेतल्या लुगड्यांना वास येऊ लागला. आषाढ संपायच्या आत बायकोला दमा लागला. लहानपणी तिला कधीतरी धाप लागायची, एवढंच मला सांगितलं होतं. आता ती बसून झोपायची. देवाला नमस्कार करायला वाकली की तशीच ओणवी राहायची, एक हात भिंतीला लावून. छातीतून शिट्टी वाजायची. सरळ व्हायला तिला किती वेळ लागतो हे बघत मी मागे उभा राहायचो आणि काही करू शकायचो नाही. मला तिचा राग यायचा, घराचा यायचा, पावसाचा यायचा. स्वतःचा तेवढा आला नाही, कारण घर मी नीट केलेलं होतं ना!

श्रावणात सासरे आले आणि तिला घेऊन गेले. भांडले नाहीत. दारातून निघताना एवढंच म्हणाले, "जावईबापू, जमीन कोरडी करा, मग मुलगी मागा. एक पावसाळा बघेन. ओल दिसली तर ती कायमची आमच्याकडं." त्यांच्या बोलण्यात आवाज चढत नसे, आणि बोललेलं फिरतही नसे. ती टांग्यात बसली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दोघांनाही जड गेलं असतं.

थंडी आली, घर वरवर वाळलं. जोत्याला मात्र पांढरी पूड फुटत होती. मी ती झाडून काढायचो, चार दिवसांनी परत यायची. फाल्गुनात एक म्हातारी डोक्यावर टोपली घेऊन मीठ विकायला आली. खाडीपलीकडच्या आगरी गावातली, मिठागरात जन्म गेलेली. काळीभोर, वाळलेली, पाय गुडघ्यापर्यंत भेगाळलेले. ओट्यावर टोपली उतरवून ती घाम पुसत होती. बसल्या बसल्या तिची नजर जोत्यावर गेली. तिने नखाने ती पूड खरवडली आणि सरळ जिभेवर ठेवली.

"मास्तर," ती म्हणाली, "घराखाली काय भरलंस?"

"रेती. चांगली धुतल्यासारखी होती."

"खनची?"

"खाडीची."

 ती हसली नाही, याबद्दल मी आजही तिचे उपकार मानतो. "बायको कुठं हाय तुजी?"

मी सगळं सांगितलं. दमा, सासरे, अट, सगळं. का सांगितलं कुणास ठाऊक, शेजाऱ्यांनाही एवढं सांगितलं नव्हतं. ती ऐकत होती आणि बोटाने जोत्यावर टकटक करत होती. शेवटी म्हणाली, "आरं, तू घराखाली मीठ भरलास नि वर बायकोला निजवलास! मीठ पानी वढतंय. आमी त्यावरच जगतो, नि तू मास्तर असून?"

 बशी, मीठ, वह्या, पिरगाळलेले कान, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. त्याच दिवशी बायकोला पत्र लिहिलं. तुझा दमा मी माझ्या हाताने टोपल्या टोपल्यांनी घरात भरला, असं लिहिलं. कागदावर दोन ठिकाणी शाई पसरली, तरी दुसरा कागद घेतला नाही. तिचं कार्ड आलं त्यात चार ओळी होत्या. तब्येत ठीक आहे, आईचे गुडघे दुखतात, आणि मग, "रेती सगळी काढा. कोपऱ्यातली पण. तुम्हाला कोपरे झाडायची सवय नाही."

म्हातारी चैत्र संपताना दोन सुनांना घेऊन आली. मिठागराचं काम उरकत आलं होतं. सुताराने फळ्या उचलल्या. रेती काढली, खालची जमीन वीतभर खरवडून बाहेर फेकली. म्हातारी मधून मधून खाली उतरायची, चिमूट जिभेवर ठेवायची आणि थुंकायची. "आजून हाय." परत खणायचं. तिसऱ्या दिवशी ती थुंकली नाही, तेव्हा काम थांबलं.

मग माती. उन्हाळ्यात तलाव आटले की तळाचा चिकट गाळ उघडा पडतो, तो तिला हवा होता. बैलगाडीवाला पहिली गाडी घेऊन आला. तिने चव घेतली आणि गाडी परत पाठवली. गाडीवाला तणतणला, "माती खायची हाय का लिंपायची?" ती म्हणाली, "तुला काय कललं असतं तर तू बैल कशाला हाकला असतास?" पुढच्या दोन गाड्या गोड निघाल्या. गोड म्हणजे खारट नाही, एवढंच. मीही चाखून पाहिली. मला मातीसारखी लागली.

त्यानंतर जे झालं ते मी सुट्टी असल्यामुळे रोज बघितलं, आणि शास्त्राचा मास्तर म्हणून माझा जो काही ताठा होता तो तिथे गळून पडला. मातीत भाताचा तूस मिसळून तिने ती भिजवली, खोलीभर पसरली, आणि तिघी एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून एका रांगेत उभ्या राहिल्या. टाच आधी, मग चवडा. टाच, चवडा. एक बोटभर सरकायचं, परत टाच. भिंतीपासून भिंतीपर्यंत, मग आडवं, मग तिरकं. उन्हं चढली की थांबायचं, ओली गोणपाटं पांघरायची, संध्याकाळी परत. मध्येच म्हातारी एका जागी थबकायची, डोळे मिटायची. "हितं पोकल हाय." मला तिथे काहीच दिसायचं नाही. सून तीच जागा परत तुडवायची. मी एकदा मुद्दाम, सुनेने तुडवायच्या आधी, त्या जागेवर लोखंडी सळई टोचून पाहिली. खरंच ती तिथे सहज आत गेली, आणि शेजारी जाईना. मी सळई गुपचूप बाजूला ठेवून दिली.

सात दिवस तुडवणं, मग लाकडी चोपण्याने चोपणं. आजूबाजूचे लोक येऊन बघून जायचे. "मास्तर घरात मिठागर काढतोय," असं वाण्याच्या दुकानात बोलत होते. मी ऐकून घेत होतो, कारण खोटं नव्हतं.

आठव्या दिवशी म्हातारी म्हणाली, "पानी भर."

"कुठे?"

"हितं. खोलीत."

माझा पारा चढला. पावसाला पंधरा-वीस दिवस राहिले होते, सासऱ्यांचं कार्ड आलं होतं की मुलगी ज्येष्ठात पाठवतो, आणि ही बाई म्हणते खोलीत पाणी भर! मी नको ते बोललो. जन्मभर चिखलात राहिलेल्यांना कोरडं म्हणजे काय ते काय कळणार, असंही बोललो. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मीठ पिकवाचं तर आदी आगर पानी धरते का बगाचं. वरचं पानी खाली जात नसंल, तर खालचं वर कसं येल? तूच सांग, तू शिकलेला हास."

मी विहिरीवर गेलो. चौघांनी मिळून घागरी ओतल्या, घोट्यापर्यंत पाणी चढलं. तिने भिंतीवर कोळशाने रेघ ओढली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीच्या दारात उभा राहिलो. माझ्या घरात तळं होतं. वरची कौलं, वासे, खिडकीतून आलेला उजेडाचा तुकडा, सगळं त्यात उलटं, स्थिर दिसत होतं. एकही बुडबुडा नव्हता. आणि पाणी रेघेवर होतं. मी वाकून नाक रेघेला लावून पाहिलं. केसभर खाली असेल, तेवढं हवेने घेतलं असेल. तीन बायकांच्या टाचांनी, ना सिमेंट, ना डांबर, नुसत्या गाळाचं भांडं केलं होतं. मी तिथेच उंबऱ्यावर बसलो. म्हातारी आली तेव्हा मी रेघेकडे बोट दाखवलं. आदल्या दिवशीच्या शब्दांची माफी मागायची होती, ती राहिलीच. तिने रेघ पाहिली, पदराने हात पुसले आणि म्हणाली, "उपस आता."

पाणी उपसलं, गोणपाटाखाली माती हळूहळू सुकू दिली. तिच्यावर कल्याणच्या इंजिनशेडमधून आणलेली खंगर, म्हणजे इंजिनातला जळून उरलेला कोळशाचा चुरा, वीतभर पसरली. फळ्या खालून डांबर लावून परत ठोकल्या. झरोके मोकळे करून त्यांना झापा बसवल्या. पावसात बंद, थंडीत उघड्या, असं म्हातारीने बजावलं. फळ्या बसल्यावर मात्र ती आत आली नाही. ओट्यावरूनच गेली.

बायको ज्येष्ठात आली, आणि तिच्यामागे पाऊस आला. मी रोज तिचा श्वास ऐकायचो. ती चिडायची, "अहो, मी काय घड्याळ आहे का?" आषाढाच्या शेवटी सासरे आले. बाहेर चार दिवस झड लागली होती. त्यांनी चहाही घेतला नाही. माहेरहून आलेली पितळी परात मागितली, खोलीच्या मधोमध पालथी घातली आणि म्हणाले, "सकाळी बघू." ओली जमीन असली की पालथ्या भांड्याखाली पाण्याचे थेंब धरतात, हे त्यांना कुणी सांगितलं होतं की त्यांचं त्यांनाच ठाऊक होतं, मला माहीत नाही. त्यांच्या कोटाच्या खिशात परतीची दोन तिकिटं होती, हे मात्र बायकोने पाहिलं आणि मला सांगितलं.

सकाळी त्यांनी स्वतः परात उचलली. आतून हात फिरवला. मग फळ्यांवर हात फिरवला. परत परातीत फिरवला. आणि भिंतीला टेकून खालीच बसले.

"कोरडी आहे," ते म्हणाले. माझ्याकडे नाही, लेकीकडे बघून.

त्याच वेळी ओट्यावर हाक आली. म्हातारी रानातली भाजी घेऊन आली होती, डोक्यावर इरलं. बायको दारात गेली. तिने म्हातारीला कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखलं. "आत या," ती म्हणाली.

"नको गो. पाय वले हायेत. तुजी जमीन वली होईल."

"होऊ दे. या तुम्ही."

त्या काळी आमच्यासारख्यांच्या घरात तिच्यासारखीला कुणी असं आत बोलावत नसे, सासऱ्यांसमोर तर नाहीच. मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते उठून उभे राहिले होते, आणि त्यांनी तिच्यासाठी वाट सोडली होती. म्हातारी आत आली, खोलीच्या मधोमध उभी राहिली, दोनदा टाच आपटून कान दिला. "बरी हाय," म्हणाली.

बायको तिच्या पाया पडायला वाकली. म्हातारीने पाय मागे घेतले, "आगो, खारानं चिरलेत, हाताला लागंल तुज्या." पण तोवर तिने दोन्ही हात त्या भेगांवर ठेवले होते, कपाळ टेकवलं होतं. मी सवयीने एक पाऊल पुढे झालो, तिला धरायला. सासरेही झाले.

ती सरळ झाली. पदर नीट केला आणि म्हातारीला विचारलं, "चहा घेणार ना?" तिला धाप लागली नव्हती.