मैदानासाठी मेंबर

आमचे हे पंचायतीला उभे राहिले ते फक्त मैदानासाठी. दुसरं कसलंही खूळ त्यांच्या डोक्यात नव्हतं, हे मी कुणाचीही शपथ घेऊन सांगते.

सिल्वासाला धाग्याच्या कारखान्यात ते सुपरवायझर होते. पण लोक ओळखायचे ते कामगार कबड्डी मंडळाचे सेक्रेटरी म्हणून. मी नाशिकहून लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्या घरातली हळद भाजीला कमी आणि पोरांच्या सुजलेल्या घोट्यांना जास्त लागायची. पोरं बहुतेक धुळे-जळगावकडची. पाळी सुटली की डबा टाकून थेट वसाहतीमागच्या मैदानात. सामने ठरवायचे, पंच आणायचे, वर भांडणंही मिटवायची, सगळं ह्यांच्याच गळ्यात.

नव्वदीच्या सुरुवातीला आवई उठली की मैदानावर कुणाचं तरी गोदाम होणार. जागा पंचायतीची. पोरं घरी आली. कप्तान म्हणाला, "भाऊ, तुम्ही उभा ऱ्हा, बाकीनं आम्ही देखी लेसूत!" झालं! हे लगेच घोड्यावर बसले.

प्रचाराला ही झुंड! घसे बसेपर्यंत घोषणा. एका संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता मी सहज विचारलं, "काय रे, तुम्ही मतं टाकणार कुठे?" सगळ्यांची मतं गावाकडे! इथे एकाचंही नाव नाही. मी कपाळावर हात मारला. "अहो, टाळ्यांवर कोणी निवडून येतं का?"

मग पदर खोचून मी इथल्या मूळच्या लोकांच्या जुन्या वस्तीत गेले. मतं तिथे होती, पण तिथल्या बायकांना कबड्डीशी काय देणंघेणं? "बेन, पाणीनुं शुं?" दारोदार हेच, पाण्याचं काय? आणि खोटं काय होतं त्यात? सगळी वस्ती एका हातपंपावर, उन्हाळ्यात तोही नुसता खाकरायचा. तिकडे दुधनीला धरण भरलेलं आणि इथे घशाला कोरड. मी ह्यांना घेऊन गेले. रिकामे हंडे बघून ह्यांनी तिथल्या तिथे शब्द दिला, नळ आणतो. अगदी मनापासून दिला. निवडूनही आले.

टाकी मंजूर झाली. पाणी वस्तीत उतरायला जागा उंचावरची हवी, आणि पंचायतीची हवी. तशी एकच होती. कबड्डीला जागा ती कितीशी लागते, पण टाकी, पंपघर आणि कुंपण धरलं तर तेवढीसुद्धा उरत नव्हती. त्या दिवशी हे जेवले नाहीत.

"काय करू गं?"

"शब्द दिलाय ना? मग पाळा," मी म्हटलं. पोरांचं मला तेव्हाही वाईट वाटलं, आजही वाटतं. पण ते हंडे मीही पाहिले होते. सभेत ह्यांनीच पहिला हात वर केला.

पोरं येऊन भांडली असती तर बरं झालं असतं. आलीच नाहीत मेली. खडोलीच्या बाजूला त्यांनी दुसरं मैदान केलं, नवा सेक्रेटरी नेमला. आमच्या दाराशी चपलांचा ढीग पडायचा, तो थांबला. हे मात्र कामावरून आले की खिडकीतून बघत बसायचे. मला त्यांचा राग यायचा आणि रडूही यायचं.

पुढच्या वर्षी खडोलीहून बोलावणं आलं, प्रमुख पाहुणे म्हणून. हे इतके हरखले की शर्टाला दोनदा इस्त्री केली. मीही गेले. हार, शाल, नारळ, सगळं रीतसर झालं. मग सामन्याआधी पाहुण्यांना खेळाडूंची ओळख करून द्यायची, म्हणून पोरं रांगेत उभी राहिली. हे हसत, हात पुढे करत निघाले. पहिला कप्तान. एकदा त्याचा निखळलेला खांदा बसेना म्हणून रात्रभर ह्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तो ताठ उभा राहिला, हात मिळवला, "नमस्कार साहेब," म्हणाला आणि आपलं नाव सांगितलं. आडनावासकट.

"अरे, माहीत आहे रे मला..." हे म्हणाले. तोवर शेजारच्यानं हात पुढे करून त्याचं नाव सांगायला सुरुवात केली होती.